कण हवेत उडतो का, ते आधी विचारा

२०१४ साली एका वैद्यकीय नियतकालिकात एका तरुण रसायनतज्ज्ञ बाईची हकिगत छापून आली. वय २६, काम लेप आणि पॉलिमर तयार करण्याचं. निकेलच्या नॅनोकणांची पूड तिने प्रयोगशाळेतल्या उघड्या टेबलावर तोलली. फ्यूम हूड (हवा बाहेर ओढणारं काचेचं कपाट) नाही, मास्क नाही. पुढे घसा खवखवू लागला, नाक चोंदलं, चेहरा लाल होऊ लागला. कानातल्यांमुळे आणि पट्ट्याच्या बकलामुळे त्वचेवर पुरळ उठू लागलं, जे आधी उठत नव्हतं. तपासणीत निकेलची ॲलर्जी निघाली.

निकेलची ॲलर्जी नवी नाही. खोट्या दागिन्यांनी कान चिघळणारं कुणी ना कुणी प्रत्येक कुटुंबात असतं. इथे बघायची ती तोलण्याची पद्धत. आपल्या महाविद्यालयांत एम.एस्सी.ची मुलं बटर पेपरवर, डोक्यावर पंखा गरगरत असताना पूड तोलतात, ती पद्धत याहून फार निराळी नाही. रंग, सिरॅमिक, रबर, कापडावरची प्रक्रिया अशा छोट्या उद्योगांतही नॅनो पूड गोणीतून सरळ पिंपात ओतली जाते. हा लेख मुख्यतः या लोकांसाठी आहे. नॅनो खत फवारणारे शेतकरी आणि डब्यावर ‘नॅनो’ वाचून वस्तू घेणारे ग्राहक यांच्यासाठीही थोडं पुढे लिहिलं आहे.

‘नॅनो सुरक्षित असतं का?’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो आणि त्याला उत्तर नाही. ‘रसायनं सुरक्षित असतात का?’ याला जसं नाही तसंच. विचारायचं ते असं: पदार्थ कोणता, तो कोणत्या रूपात आहे, शरीरात कुठून शिरू शकतो, किती आणि किती दिवस. यातला दुसरा प्रश्न लोक सर्वांत जास्त विसरतात आणि माझ्या मते तोच पहिला विचारायला हवा. तीच टायटॅनियम डायऑक्साइडची पूड सुटी असेल तर श्वासातून फुफ्फुसात जाईल. क्रीममध्ये कालवली असेल तर बहुतेक त्वचेवरच राहील. प्लॅस्टिकच्या खुर्चीत अडकली असेल तर खुर्ची घासली, कापली किंवा जाळली जाईपर्यंत ती कुठेच जाणार नाही.

२००६ च्या मार्चमध्ये जर्मनीत ‘मॅजिक नॅनो’ नावाचा, काच आणि फरश्यांना संरक्षक थर देणारा स्प्रे बाजारात आला. काही दिवसांतच शंभराच्या आसपास लोकांनी धाप, खोकल्याच्या तक्रारी नोंदवल्या, काहींना रुग्णालयात दाखल करावं लागलं. नॅनोतंत्रज्ञानाचा पहिला बळी म्हणून जगभर बातम्या झाल्या. नंतर तपासणीत कळलं की त्यात नॅनोकण नव्हतेच. नाव तेवढं नॅनो. हेच उत्पादन पूर्वी हाताने दाबायच्या पंपाच्या बाटलीत मिळत होतं तेव्हा अशा तक्रारी आल्या नव्हत्या. दाबाखालच्या डब्यातून अतिसूक्ष्म तुषार उडू लागले आणि लोक आजारी पडले. म्हणजे लेबलावरचा शब्द सोडून द्या. नाकापर्यंत काय पोचतंय ते बघा.

आकाराने नेमकं काय बदलतं

साधारण १ ते १०० नॅनोमीटर मापाच्या कणांना नॅनोकण म्हणतात. माणसाचा केस ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, रक्तातली तांबडी पेशी सुमारे ७ हजार. युरोपीय महासंघाची २०२२ ची सुधारित व्याख्या वजन न बघता कणांची संख्या मोजते: संख्येने निम्मे किंवा अधिक कण या मापात असले की तो नॅनोपदार्थ. यात एक मेख आहे. वजनाने ९९ टक्के मोठे कण असलेली पूडसुद्धा संख्येने नॅनो ठरू शकते, कारण बारीक कण वजनाला काहीच भरत नाहीत आणि संख्येने मात्र अफाट असतात.

एक सेंटिमीटरच्या ठोकळ्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. तोच ठोकळा १० नॅनोमीटरच्या ठोकळ्यांत चिरला तर एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. वजन तेवढंच. शरीराच्या पेशींशी गाठ पडते ती पृष्ठभागाची. विषशास्त्रज्ञ गुंटर ओबरडॉर्स्टर आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात उंदरांवर केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं. सुमारे २० नॅनोमीटरच्या टायटॅनियम डायऑक्साइडने तेवढ्याच वजनाच्या २५० नॅनोमीटरच्या कणांपेक्षा फुफ्फुसांना कितीतरी जास्त सूज आणली. पण तेच आकडे वजनाऐवजी पृष्ठभागाच्या हिशेबाने मांडले तर दोन्ही जवळपास एका रेषेवर आले. अमेरिकेतल्या नायॉश या व्यावसायिक आरोग्याच्या संस्थेने २०११ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडसाठी दोन वेगळ्या मर्यादा सुचवल्या त्या याच आधारावर: जाड पुडीला हवेच्या दर घनमीटरला २.४ मिलिग्रॅम, अतिसूक्ष्म पुडीला ०.३ मिलिग्रॅम. एकच रसायन, आठपट फरक.

शरीराची तीन दारं. फुफ्फुस हे सर्वांत उघडं. २० नॅनोमीटरच्या आसपासचे कण थेट वायुकोशांत जाऊन बसतात. धडधाकट त्वचा बऱ्यापैकी राखण करते, पण खरचटलेली, भाजलेली, इसब असलेली त्वचा तितकी नाही. तिसरं दार पोट. तिथे कण विरघळतो की तसाच राहतो यावर पुढचं अवलंबून.

विक्रेत्याला काय विचारायचं

पुडीबरोबर सेफ्टी डेटा शीट येते. बहुतेक जण ती फाइलला लावतात. ती वाचा, आणि जरा संशयाने वाचा. कित्येकदा नॅनो पुडीच्या शीटवर साध्या, जाड पुडीचेच आकडे आणि तोच कॅस क्रमांक (रसायनाचा ओळख क्रमांक) छापलेला असतो. टायटॅनियम डायऑक्साइडचा १३४६३-६७-७ हा क्रमांक रंगाच्या गोणीवरही असतो आणि २० नॅनोमीटरच्या बाटलीवरही. ‘त्रासदायक धूळ’ एवढंच वर्गीकरण लिहून विषय संपवला असेल तर ती माहिती तुमच्या पुडीची नाही असं धरून चाला.

विक्रेत्याला मूळ कणाचं माप विचारा, आणि ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं की द्रवात प्रकाश टाकून, तेही विचारा. दुसऱ्या पद्धतीत एकमेकांना चिकटलेल्या गुठळ्या मोजल्या जातात, त्यामुळे २० नॅनोमीटरचा कण ३०० चा म्हणून लिहिला जाऊ शकतो. दर ग्रॅमला किती चौरस मीटर पृष्ठभाग आहे हा आकडा मागा. कोणताही बरा पुरवठादार तो देतो. स्फटिकाचा प्रकार विचारा: टायटॅनियम डायऑक्साइडचं ॲनाटेज रूप उन्हात रूटाइलपेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून सनस्क्रीनमध्ये सहसा ॲल्युमिना किंवा सिलिकाचा थर दिलेलं रूटाइल वापरतात. सिलिकाच्या बाबतीत स्फटिकी की अस्फटिकी हा प्रश्न तर जिवाशी संबंधित आहे, कारण श्वासातून जाणाऱ्या स्फटिकी सिलिकाने माणसाला कर्करोग होतो हे ठरलेलं आहे. कणांवर लेप कशाचा, अशुद्धी कोणत्या (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांत, म्हणजे नॅनोट्यूबमध्ये, उत्प्रेरक म्हणून वापरलेलं लोखंड, निकेल शिल्लक असतं), पाण्यात आणि आम्लात किती विरघळतं, हेही.

विरघळण्याचा मुद्दा थोडा उलगडतो. झिंक ऑक्साइड पेशीतल्या आम्लात विरघळतं आणि मग त्रास होतो तो जस्ताच्या आयनांचा. कण उरत नाही. टायटॅनियम डायऑक्साइड विरघळत नाही, साचतं. म्हणून पहिल्याचा धोका बहुधा लवकर दिसतो (जस्ताच्या धुराने येणारा ताप वेल्डरांना माहीत आहे), दुसऱ्याचा वर्षानुवर्षांच्या साठ्यातून येतो.

कणाची ठेवण, म्हणजे तो लांबट आहे की गोल, हा शेवटचा प्रश्न, आणि कार्बन नॅनोट्यूबच्या बाबतीत सर्वांत मोठा. २००८ मध्ये एडिंबरोतल्या केन डोनाल्डसन यांच्या गटाने लांब, ताठ नॅनोट्यूब उंदरांच्या पोटाच्या पोकळीत सोडल्या. अस्तरावर ॲस्बेस्टॉससारखी सूज आणि गाठी दिसल्या. आखूड, गुंतवळ झालेल्या नळ्यांनी तसं केलं नाही. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनेही ‘एमडब्ल्यूसीएनटी-७’ या एकाच प्रकाराला ‘माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात टाकलं. बाकीच्यांना पुराव्याअभावी वर्गीकरणाबाहेर ठेवलं. तुमच्या बाटलीवर नुसतं ‘मल्टिवॉल कार्बन नॅनोट्यूब’ असेल आणि लांबी लिहिलेली नसेल, तर ती लांब आहे असं समजून वागा.

माहिती नाही, तेव्हा काय करायचं

वरच्या निम्म्या प्रश्नांना उत्तर मिळणार नाही. त्यावर अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या लोकांनी २००८ मध्ये एक साधी पद्धत मांडली, ‘सीबी नॅनोटूल’. पदार्थाच्या घातकतेला गुण द्यायचे, हवेत उडण्याच्या शक्यतेला गुण द्यायचे, आणि दोन्ही मिळून चारपैकी कोणता बंदोबस्त लागेल ते बघायचं: साधं वायुवीजन, फ्यूम हूड किंवा जागेवरच हवा ओढणारं यंत्र, पूर्ण बंदिस्त जागा, की तज्ज्ञाला बोलावणं. मला यातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते ती ‘माहीत नाही’ या उत्तराची. त्याला शून्य गुण मिळत नाहीत. त्या प्रश्नाच्या कमाल गुणांच्या ७५ टक्के मिळतात. आपल्याकडे ‘अजून काही सिद्ध झालेलं नाही’ म्हणजे ‘काळजी नको’ असं धरतात, त्याच्या बरोबर उलट. ही पद्धत कागदावर करता येते, पैसे लागत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये नॅनोपदार्थ हाताळणाऱ्या कामगारांसाठी काढलेली मार्गदर्शक तत्त्वंही असाच सावधपणा सुचवतात आणि भर देतात तो श्वासावाटे होणारा संपर्क कमी करण्यावर.

आता प्रत्यक्ष काम. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय म्हणजे कोरडी पूड विकतच न घेणं. तीच वस्तू द्रवात मिसळलेली, लगद्याच्या किंवा दाण्यांच्या रूपात मिळते का ते विचारा. थोडी महाग पडेल, पण मास्क, फिल्टर आणि हूडचा खर्च धरला तर बहुधा पडणार नाही. कोरडीच घ्यावी लागत असेल तर तोलण्याचं काम कमी करा: बाटलीचं रिकामं वजन करून ठेवा, पूड हूडमध्ये बाटलीत टाका, झाकण लावा आणि मग बंद बाटली तराजूवर ठेवा. तराजूच हूडमध्ये असेल तर उत्तम. एवढ्याने उघड्या टेबलावरचं तोलणं थांबतं.

फ्यूम हूडबद्दल गैरसमज असा की हवा जितकी जोरात ओढली जाईल तितकं सुरक्षित. नॅनो पूड इतकी हलकी असते की जोराच्या झोताने ती बाटलीतून उडते, काचेच्या कडेला भोवरे तयार होतात आणि पूड हूडमधून बाहेर, तुमच्या तोंडासमोर येते. काचेपाशी हवेचा वेग सेकंदाला सुमारे ०.४ ते ०.५ मीटर पुरतो. काच शक्य तितकी खाली ठेवा, हात हळू हलवा आणि हूडसमोरचा पंखा बंद करा. उन्हाळ्यात हे जड जातं. तोलण्यापुरतं तरी करा.

सांडलेलं कोरड्या झाडूने झाडू नका. ब्लोअरने उडवणं त्याहून वाईट. ओल्या फडक्याने पुसा, फडकं बंद पिशवीत टाका. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर पूड पुढून ओढतो आणि मागून खोलीभर फेकतो. हेपा फिल्टर असलेला औद्योगिकच हवा. ॲल्युमिनियमसारख्या धातूंच्या नॅनो पुडीला साध्या मोटरचा व्हॅक्यूम अजिबात नको, ती ठिणगीने पेट घेते. नायट्राइलचे हातमोजे घाला, पुडीसाठी दोन जोड. कामाचा कोट घरी धुवायला नेऊ नका.

मास्कबद्दल लोकांना वाटतं की इतके बारीक कण कोणताच मास्क अडवणार नाही. तसं नाही. फिल्टर चाळणीसारखा काम करत नाही. फार बारीक कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी वेडेवाकडे भटकतात आणि तंतूंना जाऊन चिकटतात. हेपा फिल्टरची परीक्षा ०.३ मायक्रॉनला, म्हणजे ३०० नॅनोमीटरला घेतात ती त्या आकाराच्या आसपासचे कण सर्वांत जास्त निसटतात म्हणून. २० नॅनोमीटरचे त्याहून सहज अडकतात. एन-९५ मास्क नॅनोकणांवरही चालतो. गळती होते ती गालापाशी आणि नाकापाशी. दाढी असेल तर मास्क बसतच नाही. शस्त्रक्रियेचा निळा मास्क किंवा रुमाल या कामाला काही उपयोगाचा नाही. आणि मास्क हा शेवटचा उपाय आहे; हूडच्या ऐवजी नाही.

वायुवीजन बंद पडलं तर काय होतं याचं एक अस्वस्थ करणारं उदाहरण चीनमधलं. २००९ मध्ये ‘युरोपियन रेस्पिरेटरी जर्नल’मध्ये सात स्त्री कामगारांची नोंद आली. छपाईच्या कारखान्यात त्या पॉलिॲक्रिलेटचा लेप फवारत होत्या. खोलीला एकच दार, खिडकी नाही, हवा ओढणारं यंत्र काही महिने नादुरुस्त. सगळ्यांच्या फुफ्फुसांना गंभीर इजा झाली, दोघी दगावल्या. त्यांच्या फुफ्फुसांत नॅनोकण सापडले. पण इतक्या कोंडलेल्या खोलीत नॅनोकणांनीच हे केलं की इतर रसायनांच्या वाफांनी, यावर शास्त्रज्ञांत तेव्हा खूप वाद झाला, आणि तो रास्त होता. कारखानदाराने मात्र त्या वादाच्या निकालाची वाट बघायची गरज नाही. पंखा दुरुस्त करायला तो निकाल लागत नाही.

हवेतल्या कणांची मोजणी करून घ्यायची असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. कण मोजणारं यंत्र हे कण कुठून आले ते सांगत नाही. रस्त्यावरचा डिझेलचा धूर, कॉम्प्रेसरची मोटर, शेजारचं वेल्डिंग, ऑफिसातली उदबत्ती, सगळं त्यात येतं. शहराच्या हवेत दर घन सेंटिमीटरला दहा हजारांच्या वर कण सहज असतात. म्हणून काम सुरू होण्याआधी आणि काम चालू असताना, असं दोनदा मोजून फरक बघायचा. नेदरलँड्समध्ये २०१२ पासून तात्पुरते संदर्भ-आकडे वापरतात ते त्या फरकासाठी: न विरघळणाऱ्या जड धातूंच्या कणांना घन सेंटिमीटरमागे २० हजार, हलक्यांना ४० हजार. आपल्या कारखाना कायद्यातल्या मर्यादांच्या तक्त्यात नॅनो रूपांसाठी वेगळे आकडे कधी आलेच नाहीत, त्यामुळे सध्या परदेशी आकड्यांवरच भिस्त. (गंमत अशी की नॅनो रंगाला घाबरणारे कित्येक जण डिझेलच्या धुरात निवांत उभे असतात, आणि तो तर २०१२ पासून निश्चित कर्करोगकारक गटात आहे.)

शेतावर

इफ्कोचं द्रवरूप नॅनो युरिया २०२१ मध्ये आलं आणि महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या दुकानांत पोचलं. त्याच्याबद्दल दोन प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नयेत. एक, ते काम करतं का. अर्धा लिटरच्या मूळ बाटलीत ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम नत्र. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांनी २० किलोच्या वर. एक बाटली म्हणजे एक गोणी या दाव्यावर डेन्मार्कमधल्या शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये उघड टीका केली, आणि पंजाब कृषी विद्यापीठाच्या चाचण्यांत उत्पादन घटलं. त्याचा निर्णय आपल्या शिवारात अर्ध्या तुकड्यावर करून बघून घ्यावा.

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा, आणि तिथे मला युरियाची फार भीती वाटत नाही. युरिया पाण्यात विरघळतो, जमिनीत मोडतो. टायटॅनियमसारखा साचून राहत नाही. काळजी घ्यायची ती फवाऱ्याची. लिटरला २ ते ४ मिली हे प्रमाण पाळा, वारा पाठीमागून घ्या, मास्क लावा, भर दुपारी फवारू नका. नॅनो जस्त आणि नॅनो तांब्याची गोष्ट वेगळी. तांब्याचे आणि जस्ताचे आयन मासे आणि पाण्यातल्या बारीक जिवांना घातक असतात, म्हणून पंप ओढ्यात किंवा विहिरीच्या काठावर धुऊ नका. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये शेतीसाठीच्या नॅनो उत्पादनांचं मूल्यमापन कसं करावं याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ती कंपन्यांसाठी आहेत, पण त्यांतून शेतकऱ्याला एक प्रश्न मिळतो: तुमच्या मालाच्या विषारीपणाच्या चाचण्या या चौकटीत झाल्या का? स्थानिक ब्रँडच्या ‘नॅनो टॉनिक’वाल्याला हे विचारून बघा.

घरात

सनस्क्रीन: क्रीम किंवा लोशन घ्या, स्प्रे किंवा पावडर नको. युरोपात नॅनो झिंक ऑक्साइड २५ टक्क्यांपर्यंत चालतं, पण श्वासात जाईल अशा रूपात नाही. तिथे २०१३ पासून घटकाच्या नावापुढे ‘नॅनो’ लिहावं लागतं; आपल्याकडच्या बाटलीवर तसा उल्लेख सापडेलच असं नाही. उन्हाने त्वचेचं होणारं नुकसान पक्कं ठाऊक आहे, धडधाकट त्वचेतून हे कण आत जाण्याचा पुरावा फारसा नाही. ज्यांना उन्हात काम करावं लागतं त्यांनी नॅनोच्या धास्तीने क्रीम सोडू नये.

वास येऊ नये म्हणून नॅनो चांदी घातलेले मोजे, चांदीची धुलाई यंत्रं वगैरे: इथे तुमच्या अंगापेक्षा गटाराचा प्रश्न मोठा. अमेरिकेत २००८ मध्ये चांदीचे मोजे धुऊन बघितले तेव्हा काही मोज्यांतली जवळजवळ सगळी चांदी मोजक्याच धुण्यांत निघून गेली. म्हणजे वासाचा उपायही गेला आणि चांदी सांडपाण्यात. पाण्याच्या फिल्टरमध्ये नॅनो चांदी असली तर घाबरायचं कारण नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.१ मिलिग्रॅम चांदी चालते. काडतूस मुदतीत बदला, एवढंच. ‘कोलॉइडल सिल्व्हर’ प्यायला मात्र घेऊ नका. औषध म्हणून त्याचा फायदा सिद्ध नाही, आणि वर्षानुवर्षं घेतल्याने त्वचा कायमची निळसर पडते.

भस्मांत नॅनोकण असतात, म्हणून ती मुळातच नॅनोऔषधं, असा एक दावा हल्ली ऐकू येतो. मापावरून सुरक्षितता सिद्ध होत नाही, आणि घातकताही नाही. भस्म घ्यायचंच असेल तर त्या बॅचचा शिसं, पारा आणि आर्सेनिकचा तपासणी अहवाल मागा. माप कितीही बारीक असो, शिसं ते शिसं.

खाण्यातला पांढरा रंग, म्हणजे १७१ क्रमांकाचं टायटॅनियम डायऑक्साइड. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये ते आता सुरक्षित मानता येत नाही असं सांगितलं, २०२२ मध्ये तिथे खाद्यपदार्थांत बंदी आली. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने मात्र जुनं मत बदलायचं कारण दिसत नाही असं म्हटलं. दोघांसमोर साधारण तोच पुरावा होता. शंकेचा फायदा कुणाला द्यायचा यात फरक. मी तो मुलांना देईन. च्युइंगगम आणि गोळ्यांच्या पाकिटावर १७१ दिसलं की परत ठेवावं. त्याने चव येत नाही, पोषण नाही, नुसता पांढरेपणा. पण औषधाच्या गोळीच्या वेष्टनात ते असलं म्हणून औषध बंद करू नका.

बातमी कशी वाचायची

‘नॅनोकणांमुळे मेंदूला इजा’ अशी बातमी आली की तीन गोष्टी शोधा. कणांबरोबर दुसरं काय होतं? २००४ मध्ये फुलरीन या कार्बनच्या कणांमुळे माशांच्या मेंदूवर परिणाम झाल्याचं छापून आलं आणि गाजलं. ते फुलरीन पाण्यात मिसळण्यासाठी टीएचएफ नावाचं द्रावक वापरलं होतं. पुढे, २००७ मध्ये, माशांच्या पिलांवरच्या प्रयोगांत दिसलं की अशा मिश्रणाचा विषारीपणा मुख्यतः टीएचएफ मोडून तयार झालेल्या पदार्थांचा होता. मोजण्याची पद्धत कणांनी बिघडवली का? पेशी जिवंत आहेत का हे रंगावरून सांगणारी एमटीटी ही चाचणी प्रसिद्ध आहे. कार्बन नॅनोट्यूब त्या रंगालाच चिकटतात, आणि जिवंत पेशीही मेलेल्या दिसतात. नॅनोवर प्रबंध करणाऱ्या विद्यार्थ्यांनी पेशी न घालता नुसते कण आणि रंग एकत्र करून एक नियंत्रण-चाचणी लावलीच पाहिजे. आणि शेवटी मात्रा: बशीतल्या पेशींवर मिलिलिटरला शेकडो मायक्रोग्रॅम ओतले, तर त्यातून तुमच्या सनस्क्रीनबद्दल फारसं काही कळत नाही.

पूड रोज हाताळणाऱ्यांनी एक वही ठेवावी. तारीख, पुडीचं नाव आणि बॅच क्रमांक, अंदाजे वजन, काम कोणतं (तोलणं, ओतणं, फवारणं, साफसफाई), हूड चालू होतं की नाही, किती वेळ, आणि काही सांडलं असेल तर ते. मर्यादा बदलत असतात. कार्बन नॅनोट्यूबसाठी नायॉशने २०१० च्या मसुद्यात घनमीटरला ७ मायक्रोग्रॅमचा आकडा सुचवला होता, २०१३ मध्ये अंतिम केला तो १ चा. नॅनो चांदीचा ०.९ मायक्रोग्रॅमचा आकडा तर २०२१ मध्ये आला. तेव्हा आज चालणारं काम उद्याच्या आकड्यात बसेल की नाही सांगता येत नाही, आणि मागे जाऊन बघायचं तर ही वही लागेल. खोकला, धाप किंवा नवी ॲलर्जी सुरू झाली तर डॉक्टरकडे जाताना वही आणि सेफ्टी डेटा शीट दोन्ही घेऊन जा, आणि आपण काय हाताळतो ते त्यांनी विचारायची वाट न बघता सांगा.